बारा नंबरची लिफ्ट

८ ऑक्टोबर
आज ह्यांना खाली नेलं. म्हणजे मी नाही, दोन दांडग्या पोरांनी खुर्चीत बांधून नेलं. आखन शहरातल्या हॉस्पिटलात तपासणी होती. त्यातला एक जिन्यात मला म्हणतो, 'तुमचा नवरा जड नाही, जिना जड आहे.' विनोद करतात मेले. तिसऱ्या मजल्यावरून उतरताना वळणावळणाला ह्यांचा उजवा हात कठड्याला आपटत होता. त्या हाताला काही कळत नाही ते एक बरं.

डॉक्टर म्हणाला, प्रगती आहे. कुठे आहे ती मलाही दाखवा म्हटलं. स्ट्रोकने सगळी भाषा पुसली, एक शब्द तेवढा राहिला, तोही जर्मन. गेनाऊ. अगदी बरोबर. चहा हवा? गेनाऊ. नको? गेनाऊ. ज्या माणसाने आख्ख्या संसारात माझं एक वाक्य बरोबर म्हटलं नाही, त्याच्याकडे आता तेवढंच उरलंय. इथे लिहिताना मी नुसतं ग. लिहिते.

परत येताना पोरं खाली झाडापाशी सिगरेट ओढत थांबली. ऊन होतं. ह्यांनी तोंड वर करून डोळे मिटून घेतले. मीच म्हटलं, थांबा अजून थोडं, ओढा दुसरी. वर आणल्यावर हे रडले. खिडकीजवळ बसवलं आणि भात लावला.

११ ऑक्टोबर
फ्राऊ वेबर आली. आमच्या भाडेकरूंची प्रतिनिधी. स्वतः तळमजल्यावर राहते, तिला लिफ्टचा उपयोग शून्य, पण हक्क म्हणजे हक्क. बातमी अशी की वसाहतीच्या दोन इमारतींना लिफ्ट बसवायच्या होत्या, आमच्या बारा नंबरला आणि समोरच्या चौदा नंबरला. वसाहत शहराच्या मालकीची. शहराच्या बजेटला भोक पडलंय म्हणून आता एकच लिफ्ट. दुसरी कधी, ते कोणी सांगत नाही, म्हणजे कधीच नाही. आधी बांधकाम समिती शिफारस करणार, मग डिसेंबरात पूर्ण कौन्सिल मतदान करणार.

वेबरबाईचं म्हणणं सरळ. बारात म्हातारे जास्त, म्हणून बाराला. 'चौदात कोण आहे? एक मूल आहे.'

एक मूल म्हणजे इरा.

१४ ऑक्टोबर
इराबद्दल लिहून ठेवते. राघव आणि मुग्धाची मुलगी, आठ वर्षांची, जन्मापासून पायांत जोर नाही. ही माणसं पुण्याची, तो इथे सॉफ्टवेअरमध्ये. चौदा नंबर, तिसराच मजला, आमच्या खिडकीच्या बरोबर समोर त्यांची खिडकी. शाळेतून आली की ती खिडकीत बसते. हे डाव्या हाताची बोटं दाखवतात, तिने एक बोट जास्त दाखवायचं. हे पाचही दाखवतात तेव्हा ती दोन्ही हात वर करते आणि हसते. ऐकू येत नाही, नुसतं दिसतं. दिवसभरात ह्यांचा चेहरा तेवढा एकदा हलतो. माझ्याकडे बघून हलत नाही.

मराठी सगळं कळतं तिला, उत्तर जर्मनमध्ये. मुग्धा फोनवरून म्हणते, 'आजोबांना नमस्कार कर,' की ही म्हणते 'हालो!'

राघव तिला रोज कडेवर घेऊन उतरतो, चढतो. पाठ गेली आहे त्याची. मुग्धाला ती आता उचलत नाही. तो कामाने बाहेरगावी गेला की पोरीची शाळा बुडते. हे सगळं मला माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच लिहिते, नंतर मला स्वतःलाच सांगता येऊ नये की माहीत नव्हतं.

२२ ऑक्टोबर
हेर केसलर, म्हणजे केसलरसाहेब, येऊन गेले. बांधकाम समितीचे अध्यक्ष, रिटायर्ड भूगोलाचे मास्तर. दोन्ही जिने स्वतः चढून बघणार म्हणाले. आधी आमच्याकडे. वर पोचेपर्यंत चेहरा बिटासारखा. मनात म्हटलं, कळू दे. आल्याचा चहा दिला. ह्यांच्याजवळ बसले, निर्जीव हात हातात घेतला. त्यांना कुठला जिवंत ते काय माहीत.

खाली जायला आवडेल ना? ग. जिन्याचा त्रास होतो? ग. मास्तर खूश. मग उठता उठता विचारलं, 'पण तसं तुमचं वर बरं चाललंय ना?' ग.

मला हसू आलं आणि हातातली बशी फोडावीशीही वाटली.

मग चौदात गेले. मी पडद्याआडून बघत होते. थोड्या वेळाने इराच्या खिडकीत तिच्या शेजारी मास्तर. तिने त्यांना खेळ शिकवलेला दिसला, कारण ह्यांनी तीन बोटं दाखवली आणि मास्तरांनी चार. खाली आल्यावर सायकलचं कुलूप काढायला त्यांना फार वेळ लागला. मग रुमाल काढला. तिथेच मला कळलं की आपण संपलो. मूल समोर असलं की म्हाताऱ्याकडे कोण बघतं. मीही बघितलं नसतं.

२९ ऑक्टोबर
समितीची शिफारस: चौदा.

वेबरबाई हजर होती तिथे. सांगत होती, केसलर छान बोलले. म्हाताऱ्यांचं जगून झालंय असं काही म्हणाले नाहीत, पण 'भविष्य' हा शब्द पुन्हा पुन्हा आला. कौन्सिलात मतं अटीतटीची आहेत. केसलर जिकडे, तिकडे काठावरचे दोघेतिघे जातील असं तिचं मत. संतापली होती. मी तिला शांत केलं, चहा पाजला. मला शांत करायला कोणी नव्हतं.

संध्याकाळी राघव आणि मुग्धा पेढे घेऊन. 'काकू, फायनल नाहीये अजून. पण सगळ्यात आधी तुम्हाला सांगायचं होतं. आता काकापण येतील आमच्याकडे.' कसे येतील रे? उडत? बोलले नाही. पेढा खाल्ला, ह्यांना भरवला. 'काका, आवडला?' ग.

निघताना मुग्धा माझा हात धरून म्हणाली, 'काकू, तुम्हाला वाईट वाटलं असेल ना?'

'छे गं. इरा काय मला परकी आहे?'

किती पटकन आलं तोंडातून. पेढे चांगले झाले होते, दुधाच्या पावडरीचे असून.

३ नोव्हेंबर
राघव आज एकटा आला. तो यंदा इथल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत आहे. शनिवारी दिवाळीचा कार्यक्रम, केसलरांना पाहुणे म्हणून बोलावलंय, ते येतो म्हणालेत. 'काकू, त्यांना काय द्यायचं? मी म्हटलं एक बुके देऊ. तुम्ही इथे इतकी वर्षं आहात, तुम्हाला जास्त कळतं.'

कळतं. रिटायर होईपर्यंत मी इथल्या रातहाउसात, म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीत, नोकरी केली, रहिवासी नोंदणीच्या खिडकीवर. नवी होते तेव्हा एक तुर्की आजोबा काम झाल्यावर बकलाव्याचा डबा ठेवून गेले. मी हौसेने उघडला, सगळ्यांपुढे फिरवला. साहेबांनी झाकण लावलं आणि डबा परत करायला मला त्यांच्या घरी पाठवलं. आजोबांनी दार उघडलं, डबा बघितला, आणि त्यांना वाटलं मला आवडला नाही. घरी येऊन ह्यांच्यापुढे रडले होते मी. तेव्हा हे म्हणाले होते, 'देश त्यांचा, नियम त्यांचे, रडतेस काय.' तेव्हा बोलता यायचं.

राघवला म्हटलं, 'बुके काय, पेट्रोल पंपावरसुद्धा मिळतो. बोलावताय तर रीतसर सत्कार करा. शाल, श्रीफळ. आणि नुसत्या शालीवर भागवू नका, चांदीचं काहीतरी द्या. गणपती द्या.'

'चालतं ना पण इथे? म्हणजे, ते कौन्सिलमध्ये आहेत...'

'न चालायला काय झालं? आपली पद्धत आहे. अप्रूप वाटेल त्यांना. आणि भाषणात लिफ्टचं नाव घे बाबा. कशाबद्दल सत्कार ते लोकांना कळायला नको?'

'गेनाऊ!' राघव म्हणाला. तेवढ्यात खुर्चीतून हेही म्हणाले. राघव हसायला लागला, 'बघा, काकांनी पण अप्रूव्ह केलं.'

हे माझ्याकडे बघत होते. तो गेला तरी बघत होते. मी खुर्ची खिडकीकडे वळवून ठेवली.

९ नोव्हेंबर
दिवाळीचा कार्यक्रम. ह्यांच्याजवळ पैसे देऊन नर्स बसवली आणि मोरपिशी पैठणी नेसून गेले. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला. समई लावायला बंदी, फायर अलार्म वाजतो, म्हणून बॅटरीच्या पणत्या. अध्यक्षांचं भाषण नेहमीसारखं लांब. आपली संस्कृती, आपली मुलं, आणि मुलं मागच्या रांगेत मोबाईलवर.

मग केसलर. पत्नीला घेऊन आले होते, बिचारीने कुंकू लावून घेतलं. राघवने भाषण जर्मनमध्ये केलं. चांगलं केलं. आमच्या मुलीच्या लिफ्टसाठी, हेर केसलर, तुम्ही जे केलंत त्याचे उपकार. मग शाल. मास्तरांना कळेना काय चाललंय, खांदे आक्रसून उभे, हातात नारळ. मग तबकातून चांदीचा गणपती. चांगला वीतभर. मंडळाने वर्गणी काढून पुण्याहून येणाऱ्या कोणाकडून तरी आणवला. खाली त्यांच्या नावाची पट्टीही लावलेली. मास्तरांनी नको नको असा हात केला, पण आपले लोक ऐकतात का. संकोच समजून टाळ्या वाजवल्या. इरा पुढे व्हीलचेअरवर. तिला मांडीवर घेऊन फोटो. शाल, नारळ, गणपती, इरा, सगळं एका फोटोत.

मीही माझ्या फोनवर काढले. दोन.

इरा मला म्हणाली, 'ओमा शैला, वो इस्ट ओपा?' आजोबा कुठे. वर आहेत म्हटलं.

११ नोव्हेंबर
वेबरबाईला चकल्या नेऊन दिल्या. दर दिवाळीला देते, त्यात नवीन काही नाही. तिने विचारलं कार्यक्रम कसा झाला. मी फोटो दाखवले. दिवाळीचे फोटो कोण दाखवत नाही?

साड्यांचे दाखवले, पणत्यांचे दाखवले. मग तो आला. तिने चष्मा लावला. 'हा केसलर ना? हातात काय आहे?'

गणपती, म्हटलं. चांदीचा.

'चांदीचा?'

'आमच्यात देतात.'

चकली अर्धी खाऊन तिने बशीत ठेवली. फोटो पाठवशील का म्हणाली. मी म्हटलं, कशाला, मंडळाच्या पानावर सगळे टाकलेत.

मी कोणाला काही लिहिलं नाही. कोणाला फोन केला नाही. चकल्या दिल्या आणि घरी आले.

१५ नोव्हेंबर
गावच्या पेपरात आलं. अर्धं पान, तोच फोटो, इराचा चेहरा पुसट केलेला. मथळा असा की लिफ्टच्या आधी चांदी. खाली एका विरोधी सभासदाचं म्हणणं, एका अर्जदार कुटुंबाने निर्णयाआधी समितीच्या अध्यक्षाला किमती भेट देणं गंभीर आहे. 'अर्जदार कुटुंब' असं छापलंय. राघवच्या तोंडाला रंग नव्हता. दुपारी खालून जाताना दिसला, इरा कडेवर, मान खाली.

ह्यांना पेपर वाचून दाखवते रोज. आज बाकीचा सगळा दाखवला, हवामानासकट.

१८ नोव्हेंबर
केसलर मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी स्वतः जाऊन गणपती परत देऊन आले. शालीत गुंडाळून, आणि शालही. अध्यक्षांच्या बायकोने सांगितलं. दारातच उभे राहिले, आत आले नाहीत, चहा घेतला नाही. पुन्हा पुन्हा माफी मागत होते, आणि आपले हे अध्यक्ष उलट म्हणत होते, 'सर, तुम्हाला डिझाइन नाही आवडलं का?' समितीचं अध्यक्षपदही सोडलंय त्यांनी.

मला बकलाव्याचा डबा आठवला. उगीच आठवला. दुपारी झोप लागली नाही.

२१ नोव्हेंबर
मुग्धा येऊन रडून गेली. 'आमचं डोकंच फिरलं होतं काकू. इथले रूल्स माहीत नाहीत आणि सत्कार करायला निघालो. कलीग्ज विचारतात राघवला, तुम्ही ब्राइब दिलीत का. इतका चांगला माणूस, आमच्यामुळे...' मी पाठीवरून हात फिरवला. तिला पाणी दिलं. म्हटलं, 'तुमच्या मनात पाप नव्हतं गं.' हे अगदी खरं बोलले. त्यांच्या मनात नव्हतंच.

राघव माझं नाव घेत नाही, हे तिच्या बोलण्यातून कळलं. काकूंनी सुचवलं असं त्याने कोणालाच सांगितलेलं नाही, तिलासुद्धा. मला सांभाळून घेतोय गाढव. त्याचा मला राग आला.

ती गेल्यावर हे म्हणाले, ग. मी काही विचारलं नव्हतं.

१० डिसेंबर
कौन्सिल. ह्यांना नर्सकडे सोपवून वेबरबाईबरोबर गेले. ज्या इमारतीत नोकरी केली तिथे पहिल्यांदाच प्रेक्षक म्हणून. राघव मागच्या रांगेत एकटा, कोट घालून. मी मान हलवली, त्यानेही हलवली.

आमचा विषय यायला वेळ लागला. त्याआधी पोहण्याचा तलाव हिवाळ्यात बंद ठेवायचा ठरला, वाचनालयाचा एक दिवस कापला. हात वर, हात खाली. कोणाचा आवाज चढत नाही. आपल्याकडे निदान खुर्च्या फेकतात, कळतं तरी कोणाचं काहीतरी जातंय.

मग लिफ्ट. केसलर उठले, हितसंबंधामुळे आपण या विषयात भाग घेत नाही म्हणाले, आणि टेबल सोडून प्रेक्षकांत आले. मोकळी खुर्ची माझ्या शेजारी. मला ओळखलं, हात मिळवला, नवऱ्याची चौकशी केली. मग हळूच म्हणाले, 'ती मूर्ती चांदीची आहे हे मला खरंच कळलं नाही. मला वाटलं कथलाची. पण न कळणं हे काही कारण नाही. मुलांना मी हेच शिकवायचो.'

मी विचारलं, नारळाचं काय केलंत?

'तो फक्त राहिला. पाच युरोंच्या आतला म्हणून चालतो म्हणाले. बायकोने ड्रिलने भोक पाडलं. पाणी गोड होतं.'

तिकडे कोणीतरी आकडे वाचत होतं, बारात किती वृद्ध, चौदात किती. चौदाच्या बाजूने एक तरुण बाई बोलली, चांगलं बोलली, पण सगळ्यांची नजर कागदावर. फोटोतल्या माणसांच्या बाजूने दिसायला कोणी तयार नव्हतं. मतदान. चौदाला लिफ्ट द्यावी असं ज्यांचं मत त्यांनी हात वर करावेत. शेजारी केसलरांचा हात मांडीवरून उचलला गेला. सवयीने. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून खाली ठेवला. अगदी ह्यांचा हात मी ठेवते तसा.

थोडक्यात पडलं. मग बारा नंबर, मंजूर. वेबरबाईने माझा दंड दाबला, काळानिळा झाला असेल.

केसलर म्हणाले, 'तुमच्या नवऱ्यासाठी मला आनंद आहे.' खरंच होता. तोंडावर दिसत होता. तो खोटा असता तर माझं काम सोपं झालं असतं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, लिफ्ट मिळाली, तुम्ही खाली जाणार, झाडाखाली, उन्हात. ग. जिंकलो आपण. ग. मी केलं हे, तुमच्यासाठी. ग.

११ डिसेंबर
इराने खिडकीत कागद लावलाय. मोठ्या रंगीत अक्षरांत अभिनंदन, जर्मनमध्ये. खाली लिफ्ट काढली आहे, आत खुर्चीवर टक्कल असलेला माणूस, एक हात वर, पाच बोटं.

पडदा ओढावासा वाटला. पण हे बघत होते, हसत होते. ओढला नाही.

२१ डिसेंबर
राघवची बदली. मागून घेतली त्याने. ब्राउनश्वाइगला, तिथे तळमजल्याचं घर मिळतंय, फेब्रुवारीत जातात. मुग्धाने फोनवर सांगितलं. म्हणाली, 'इराची शाळा इथे सेट झाली होती, फ्रेंड्स होत्या... आल्झो, म्हणजे, बघू.' मागून इराचं रडणं, 'नाइन, मामा, इश विल निश्त.' नाही आई, मी नाही जाणार. मुग्धा म्हणाली, थांब गं जरा, काकू आहेत फोनवर.

मी म्हटलं, मुलं लवकर रुळतात. असंच म्हणतात ना सगळे.

खरं तर चांगलंच झालं. तळमजला मिळाला त्यांना. माझ्यामुळे झालं म्हटलं तरी चालेल. हे वाक्य लिहिताना मला स्वतःची किळस आली, पण खोडणार नाही.

२२ फेब्रुवारी
गेले. सामानाची गाडी सकाळीच हलली. मुग्धा निरोप घ्यायला वर आली, राघव खाली इराला घेऊन गाडीत. मी डब्यात बेसनाचे लाडू भरून ठेवले होते. तिने ह्यांना वाकून नमस्कार केला. मग मला. उठताना अगदी सहज विचारलं, 'काकू, गणपतीचं तुम्ही सुचवलंत असं काल राघव बोलता बोलता म्हणाला. तुम्ही इथे रातहाउसमध्येच होतात ना जॉबला?'

हो म्हटलं.

'किती वर्षं?'

'खूप.'

ती 'अच्छा' म्हणाली. आवाज चढवला नाही. लाडवांचा डबा टेबलावरून उचलला, हातात जरा वेळ धरला, आणि परत तिथेच ठेवला. 'राघवला नका कळू देऊ,' म्हणाली. 'त्याला तुमच्याबद्दल फार वाटतं.'

जिन्यात तिची पावलं ऐकत उभी राहिले. खाली गाडीच्या काचेतून इराने दोन्ही हातांची बोटं दाखवली. हे खिडकीत होते. ह्यांनी काय दाखवलं ते मला मागून दिसलं नाही.

लाडू मीच खाते आहे.

५ एप्रिल
मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम. माझा सत्कार. परदेशात चिकाटीने हक्काची लिफ्ट मिळवल्याबद्दल. नाही म्हणायला हवं होतं. म्हटलंही एकदा. अध्यक्ष म्हणाले, 'ताई, विनय पुरे.' मग ठरवलं, जाऊ. घेऊ. बघू तरी अंगाला काय वाटतं.

शाल घालायला राघवला बोलावलं होतं. ब्राउनश्वाइगहून एकटा आला, इतका लांब. वाळलाय. माईकवर म्हणाला, 'आमची पद्धत चुकली. काकूंनी शांतपणे, नियमात राहून मिळवलं. आपण सगळ्यांनी त्यांच्याकडून शिकायला पाहिजे.' शाल घातली, वाकला, पायाला हात लावला. डोळ्यांत खोट नाही. मुग्धाने त्याला काही कळू दिलेलं नाही.

शाल, श्रीफळ, आणि तबकात गणपती. तोच. परत आलेला, मंडळाकडे पडून होता, वाया कशाला घालवायचा. खालची नावाची पट्टी काढून टाकली आहे, गोंदाचा चौकोन राहिलाय, त्याला बोट चिकटतं.

टाळ्या बऱ्याच वाजल्या. अंगाला काय वाटलं? उकडलं. शाल लोकरीची होती.

घरी गणपती कपाटावर ठेवला. हे बघत राहिले. मग डाव्या हाताने चाक ढकलून खुर्ची वळवली. एका हाताने वळवली की ती गोलच फिरते, पुन्हा तोंड कपाटाकडेच आलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. मी गणपती उचलून आतल्या खोलीत नेला.

१९ जून
खोदकाम सुरू झालं. इमारतीच्या बाहेरून काचेचा मनोरा चढवणार. आवाज असा की दात हलतात. झाड तोडलं. लिफ्टच्या पायात येत होतं म्हणे, नकाशात आधीपासूनच होतं, वेबरबाईने मला तेवढंच सांगितलं नव्हतं. नवीन लावणार आहेत, कमरेएवढं.

समोर नवे भाडेकरू आले आहेत. तरुण जोडपं, आखनला विद्यापीठात शिकतात, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतात. इराच्या खिडकीत आता सायकलचं चाक टांगलेलं असतं. तरी दुपारी शाळा सुटायच्या वेळेला हे डावा हात वर करतात. एक, दोन, तीन. थांबतात. मग खाली घेतात.

ब्राउनश्वाइगला फोन लावला दोनदा. मुग्धाने उचलला नाही.

७ ऑक्टोबर
लिफ्ट सुरू झाली. काल फीत कापली. वेबरबाईने भाषण केलं आणि पहिली वर गेली, तिथे तिचं काही काम नसताना. केसलरही आले होते, मागे उभे होते, सायकल धरून. मला म्हणाले, आज त्यांना आणणार ना खाली? उद्या, म्हटलं. गर्दी नको.

आज ऊन होतं. ह्यांची दाढी केली, निळा स्वेटर घातला, पायांवर पांघरायला ती सत्काराची शाल घेतली, दुसरी उबदार नव्हती जवळ. खुर्ची दाराबाहेर काढली, लिफ्टपाशी आणली, बटण दाबलं. ती आली. दार उघडलं. आत स्वच्छ काच, खालचं सगळं अंगण दिसत होतं.

खुर्ची पुढे जाईना. बघते तर ह्यांनी डाव्या हाताने लिफ्टची चौकट धरली आहे. बोटं पांढरी पडली होती. इतका जोर आहे त्या हातात हे मला माहीत नव्हतं.

'अहो, सोडा. जायचंय ना खाली?'

काही नाही.

'झाड गेलं, पण ऊन आहे. केसलर विचारत होते.'

काही नाही.

'वर राहायचंय?'

त्यालाही नाही. मी पुढे जाऊन वाकले, ह्यांच्या तोंडासमोर तोंड नेलं. जिन्यात कोणी नव्हतं. विचारलं, 'माझं चुकलं?' एवढी सोपी गोष्ट. शब्दही तयार आहे तोंडात, मागायचा अवकाश की येतो. एवढ्या महिन्यांत एकदा अडला नव्हता.

हे सरळ माझ्याकडे बघत राहिले. ग. आला नाही.

दार बंद झालं, लिफ्ट खाली गेली, कोणीतरी बोलावली असेल. मी परत बटण दाबलं. चौकटीवरचा हात तसाच होता.